अंगावरून वारं गेलेल्या आईला पुनर्वसन केंद्रात ठेवावं का, आणि तिथे नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७१ वर्षांची, गुहागर तालुक्यातल्या गावी वडिलांबरोबर राहते. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं (पक्षाघात झाला), वाचाही गेली. चिपळूणच्या रुग्णालयातून आता सुट्टी मिळणार आहे. तुम्ही आणि बहीण दोघंही मुंबईकडे, वडील ७६ वर्षांचे. कुणीतरी एक शुश्रूषा आणि पुनर्वसन केंद्र सुचवलंय, पण काका म्हणतात, 'घर असताना आईला आश्रमात टाकणार काय?' आणि तुम्हाला तर ती गणपतीला घरी हवी आहे, म्हणजे हातात अडीच महिने.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरी जिल्ह्यात अशाच केंद्रातून काम करते. माझं उत्तर: ठेवा. पण मुदत ठरवून ठेवा, गावाच्या जवळ ठेवा, आणि केंद्र निवडताना व्यायामाची यंत्रं बघत बसू नका, तिथल्या मावश्या कशा काम करतात ते बघा. याच शेवटच्या मुद्द्यावर जास्त लिहिते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

आधी काकांचं बोलणं. वृद्धाश्रमात माणूस राहायला जातो, पुनर्वसन केंद्रात घरी परत येण्यासाठी जातो. वारं गेल्यानंतर मेंदू सर्वांत वेगाने सावरतो तो पहिल्या तीन महिन्यांत. पुढेही सुधारणा होते, वर्षानंतरही होते, पण तो वेग राहत नाही. तुमच्या आईचे यातले तीन आठवडे गेलेत. घरी नेलं तर काय होईल हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय: फिजिओ आठवड्यातून तीनदा येणार, अर्धा तास हातपाय हलवून जाणार, उरलेला सगळा दिवस आई पडवीतल्या खाटेवर पडून राहणार आणि वडील जमेल तसं तिला उचलणार. महिनाभरात त्यांची कंबर धरते, मग खाटेवर दोघं.

'आम्हीच व्यायाम शिकून घेतो' असंही तुम्ही विचारलंय. भारतातच १४ रुग्णालयांत साडेबाराशे रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन करून घेतलं, तर सहा महिन्यांनी रुग्णाच्या परावलंबनात फरक पडतो का, हा प्रश्न होता. नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. याचा अर्थ घरचे बिनकामाचे असा मुळीच नाही. नुसतं शिकवून सगळा भार घरच्यांवर टाकला तर तो पेलत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ घेते. दुसरीकडे, पक्षाघातावरच्या ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की गरज असलेल्या रुग्णाला आठवड्यातले किमान पाच दिवस, रोज किमान तीन तास उपचार मिळावेत. आपल्याकडच्या केंद्रांत फिजिओचे हात दिवसाला तासभर लाभले तरी पुष्कळ. मग बाकीचे तास कुठून आणायचे? ते जेवणातून, आंघोळीतून, संडासला जाण्यातून आणि कूस बदलण्यातून येतात. आणि हे सगळं मावशींच्या हातात असतं.

जेवणाचंच बघा. वारं गेलेल्या पुष्कळ रुग्णांचं गिळणं बिघडतं. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. अशा वेळी पाणी सर्वांत अवघड, कारण ते पातळ आणि वेगाने घशात उतरतं. म्हणून सुट्टीच्या आधीच डॉक्टरांना विचारा, 'गिळण्याची तपासणी झाली का, आणि काय काय द्यायला परवानगी आहे?' ते कागदावर लिहून घ्या. चांगली मावशी कशी भरवते ते मी सांगते. आधी आईला खुर्चीत ताठ बसवते, पाय जमिनीला टेकलेले. स्वतः उभी राहत नाही, समोर बसते, म्हणजे आईला मान वर करावी लागत नाही. घट्टसर पेज किंवा नाचणीचं सत्त्व, अर्धाच चमचा, आणि तो डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूच्या गालात. मग चमचा खाली ठेवून गळ्याकडे बघते. घाटी (गळ्यावरचा उंचवटा) वर जाऊन खाली आली की घोट गेला. मध्येच 'आ' म्हणायला लावते. आवाज ओला, घरघरता आला तर थांबते. शेवटी उजव्या गालात बोट फिरवून अडकलेली शितं काढते, कारण ती तिथे आहेत हे आईला कळतच नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करत नाही. याला पाऊण तास लागतो. जिथे एक बाई आठ जणांना भरवते तिथे हे होणं शक्य नाही, मग भिंतीवर कितीही आधुनिक तक्ते लावलेले असोत.

एक गोष्ट घरच्यांना पटत नाही, ती इथेच सांगते. मऊ भातावर पातळ आमटी किंवा सार ओतून देणं आपल्याला सोपं वाटतं, पण गिळणं बिघडलेल्या माणसाला घट्ट आणि पातळ एकत्र आलं की फार त्रास होतो. भात आमटीत पूर्ण घोटून एकजीव करावा. कुळथाचं पिठलं घट्ट करून छान जातं. सोलकढी आणि शहाळं मात्र परवानगी मिळेपर्यंत नको. मासे बंद करायची गरज नाही, पण काटे दिसतील म्हणून भागत नाही, तुकडा बोटांनी कुस्करूनच तपासावा. आणि सुकी मासळी, लोणचं, पापड यांतलं मीठ रक्तदाबाला वाईट, तेव्हा डब्यातून प्रेमाने पाठवू नका.

भरवण्याच्याही पुढची पायरी म्हणजे आईने डाव्या हाताने स्वतः खाणं. निम्मं सांडेल, वेळ लागेल. भेटायला आलेल्या नातेवाइकांना वाटतं की केंद्रवाले हयगय करताहेत, म्हणून ते चमचा हिसकावून स्वतः भरवू लागतात. कृपा करून तसं करू नका. ज्या केंद्रात रुग्णांना वेळ देऊन स्वतःचं स्वतः करू दिलं जातं, तिथली माणसं घरी जातात. जिथे सगळं हातात मिळतं तिथे ती खिळून राहतात.

आता उठवणं. आईचा उजवा हात आत्ता लुळा असेल. तो धरून किंवा काखेत हात घालून तिला कुणीही ओढायचं नाही, अगदी आजपासून. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंच्या आधाराशिवाय लोंबत असतो. ओढलं की तो सांध्यातून उतरतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. दुखणाऱ्या हाताला व्यायाम देता येत नाही. खुर्ची नेहमी चांगल्या, म्हणजे डाव्या अंगाला लावायची, व्हीलचेअर असेल तर ब्रेक घालून. पाय मागे घ्यायला सांगायचं, पुढे झुकवायचं, कमरेच्या पट्ट्याला धरून उठवायचं. तुम्ही केंद्र बघायला जाल तेव्हा कुणाला तरी खाटेवरून खुर्चीत घेताना पाहा. मावशीने हात ओढला तर तिथे शिकवणारं कुणी नाही, हे समजून घ्या.

लघवीची नळी रुग्णालयात घातली असेल तर ती कधी काढणार ते विचारा. ती जितके दिवस राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो, आणि वयस्क माणसात त्याचं पहिलं लक्षण ताप नसून अचानक बरळणं, रात्रभर तळमळणं असू शकतं. घरचे म्हणतात, 'आईला वेड लागलं.' बरेचदा लघवी तपासल्यावर किंवा चार दिवसांचा कोठा साफ झाल्यावर माणूस ताळ्यावर येतो. नळी काढली की दर दोन-तीन तासांनी विचारून संडासात न्यायचं, मागायची वाट बघायची नाही. आई बोलू शकत नाही, मागणार कशी? चालवून नेता येणाऱ्या माणसालाही सोयीसाठी दिवसभर डायपर बांधून ठेवणारी केंद्रं आहेत. तुम्ही नेमकं हेच विचारा: 'डायपर दिवसा का घालता?'

आपल्याकडच्या पावसाळ्यात त्वचा हा मोठा विषय होतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, ओलसर चादर अंगाखाली राहते, जांघेत आणि स्तनांखाली बुरशी धरते, आणि ओली कातडी दाबाखाली पटकन फाटते. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात बघायचे. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडल्यावर ती क्षणभर पांढरी पडत नसेल तर शय्याव्रणाची ती सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही, तेलही नको. दाब काढायचा, बस. टाचेसाठी पोटरीखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी राहते. केंद्रात कूस बदलल्याचा वेळ लिहिलेला तक्ता मागून बघा. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर त्या तशाच लिहिलेल्या आहेत.

बोलण्याविषयी तुम्ही फार घाबरून लिहिलंय. डाव्या मेंदूला इजा झाली की शब्द सापडत नाहीत, पण समज बऱ्याच अंशी शाबूत असू शकते. त्यामुळे तिच्यासमोर तिच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नका. 'हो-नाही'ने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. पाठ असलेल्या गोष्टी वेगळ्या वाटेने येतात: एक शब्द न निघणारी माणसं आकडे म्हणतात, वार म्हणतात, आरती सुरू झाली की सुरात सूर मिळवतात. आमच्याकडे संध्याकाळी भजन होतं, आणि तिथे एखाद्या आजींच्या तोंडून अख्खं कडवं बाहेर पडलेलं ऐकून लेकी-सुनांच्या डोळ्यांत पाणी येतं. अर्थात आरती म्हणता आली म्हणजे पाणी मागता येईल असं नाही. त्यासाठी वाचा-उपचार लागतात. असे तज्ज्ञ आपल्याकडे कमी आहेत, आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर तरी सोय आहे का, ते विचारा. आणि वारं गेलेल्या साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. आई जेवण नाकारते, व्यायामाला उठत नाही, तोंड फिरवून झोपते, तर तो हट्ट समजू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

आणखी एक, अवघड वाटलं तरी विचारते: आई मिश्री लावते का? आपल्या भागातल्या त्या वयाच्या कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरांना कुणी सांगत नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच. एकदम सुटली की माणूस चिडचिडं, अस्वस्थ होतं, झोप उडते, आणि मग कुणीतरी दयेने डबी आणून देतं. पुन्हा वारं जाऊ नये असं वाटत असेल तर मिश्री कायमची सुटली पाहिजे, आणि केंद्राला ती सवय माहीत असली पाहिजे. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधंही 'आता बरं आहे' म्हणून घरच्या घरी बंद करायची नसतात.

केंद्र बघायला वेळ कळवून जाऊ नका. दुपारी जेवणाच्या वेळेला जा, आणि जमलं तर पुन्हा एकदा रात्री आठनंतर. रुग्ण खुर्चीत बसून जेवताहेत की आडवे? पाण्याचं भांडं चांगल्या हाताला लागेल असं ठेवलंय का? नखं कापलेली आहेत का? कुणाचे हात खाटेला बांधलेत का? बांधले असतील तर कुणाच्या लेखी आदेशाने? रात्री किती खाटांमागे किती माणसं, त्यांत शिकलेली परिचारिका एक तरी आहे का, आणि डॉक्टर किती वेळात पोचतात? पडझड बहुधा रात्री संडासला जातानाच होते, म्हणून रात्रीचं उत्तर मला दिवसाच्या उत्तरापेक्षा महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ खालचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही दर्शनी भागात हवं. पाटी पुनर्वसनाची आणि आत नुसता सांभाळ, अशी ठिकाणं असतात. प्रमाणपत्र असलं म्हणजे सेवा चांगलीच असं नव्हे, पण ते नसेल तर पुढे बोलू नका.

विजेचं नक्की विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांनी अनेक दिवस अंधारात काढले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं बुडालं. हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र, कफ ओढायचं यंत्र, सगळं विजेवर चालतं. जनरेटर आहे का, आणि असला तर तो कुठल्या उंचीवर ठेवलाय? रुग्णांच्या खोल्या वरच्या मजल्यावर असतील तर रुग्णाला खाली आणायचा रॅम्प आहे का?

जवळ ठेवा असं मी म्हटलं ते वडिलांसाठी. डोंबिवली-पनवेलकडे तुम्हाला बरं पडेल, पण आईचं माणूस वडील आहेत. ते ७५ च्या वरचे, म्हणजे एसटीचा प्रवास त्यांना मोफत आहे. चिपळूण-गुहागर पट्ट्यात केंद्र मिळालं तर ते एक दिवसाआड येऊन दुपारचं जेवण आईबरोबर करू शकतील. त्यांना उचलायला लावू नका. गावातली बातमी सांगायची, आंब्याचं, गुरांचं, शेजाऱ्यांचं बोलायचं, उजव्या बाजूला बसून तिचं लक्ष तिकडे वळवायचं, हे त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करणार नाही.

पैशाचं स्पष्ट बोला. महिन्याच्या आकड्यात फिजिओ, औषधं, डायपर, रात्रीची स्वतंत्र बाई, डॉक्टरांची भेट यांतलं काय धरलंय आणि काय वेगळं, ते लेखी घ्या. आई सत्तरीपुढची असल्यामुळे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. केंद्रातल्या सांभाळाचा खर्च त्यातून निघेल असं गृहीत धरू नका. केंद्राबद्दल तक्रार असेल आणि तिथे कुणी ऐकत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

मुदत मी आठ आठवड्यांची धरेन. दाखल करतानाच बार्थेल गुणांकन करून घ्या: खाणं, आंघोळ, संडास, खाटेवरून उठणं, जिना अशी दहा कामं आणि शंभरपैकी गुण. दर पंधरा दिवसांनी ते पुन्हा करायला सांगा, म्हणजे 'बरं चाललंय' या उत्तरावर समाधान मानावं लागणार नाही. माझ्या दृष्टीने घरी जायची तयारी म्हणजे: आई स्वतः खाते, खाटेच्या कडेला आधाराशिवाय बसते, एका माणसाच्या मदतीने कमोडपर्यंत जाते. चालणं पूर्ण आलंच पाहिजे असं नाही.

या आठ आठवड्यांत घराचं काम चालू द्या. ओटीच्या पायऱ्या किती आणि किती उंच, उंबरठे किती, खाटेची उंची किती, न्हाणीघर घरात आहे की मागीलदारी, हे मोजून फोटोसकट फिजिओला पाठवा. ती आईला त्याच उंचीवर सराव देईल. पायऱ्यांना कठडा हवाच, आणि चढताना तो डाव्या हाताला यायला हवा. उतरताना डावा हात दुसरीकडे येतो, म्हणून खरं तर कठडा दोन्ही बाजूंना घाला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. जांभ्याच्या पायरीवर आणि अंगणात शेवाळ धरतं, ते आधीच घासून काढा. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून घरी जावं लागत असेल तर खुर्चीत बसवून न्यायला चार माणसं सांगून ठेवा.

शेवटचा आठवडा तुम्ही किंवा बहिणीने रजा काढून केंद्रात राहा. भरवणं, उठवणं, कूस बदलणं, गोळ्यांच्या वेळा, हे मावशींच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करा. गणपतीच्या आदल्या दिवशी घाईत सुट्टी घेऊ नका. तेव्हा महामार्ग भरलेला असतो, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि आईला नवी खाट, नवी माणसं, नवा आवाज सगळं एकदम येतं. निदान दहा दिवस आधी आणा. तोवर आठ आठवड्यांत वरची तयारी झाली नसेल तर दोन दिवसांसाठी आणून परत न्या, चांगली केंद्रं अशी रजा देतात.

दाखल करताना बरोबर द्यायचं: डिस्चार्जचे कागद आणि सीटी स्कॅन, चालू गोळ्यांची यादी, चष्मा, कवळी, पुढून बटणांचे सुती गाऊन सहा-सात, मागे पट्टा असलेली चप्पल, घरच्यांचे फोटो मोठे करून, आणि एका कागदावर तिच्या सवयी: चहा किती वाजता, कुठल्या कुशीवर झोपते, घरात तिला काय म्हणून हाक मारतात. हा शेवटचा कागद मावशींच्या हातात द्या, ऑफिसात नको.